चमच्यांच्या कारखान्यावर अणूंची टक्कर

लग्नाच्या बाजारात माझ्या नोकरीनं माझं भरपूर नुकसान केलं. मुलाकडचे विचारायचे, "मुलगी काय करते?" आई चाचरत सांगायची, "सूक्ष्मदर्शकातून बघते." "काय बघते?" इथं आई माझ्याकडे बघायची आणि मी खरं सांगून टाकायचे, "अणूंच्या गाभ्यांची टक्कर." कांजूरच्या एका मुलाच्या काकांनी चहा बशीत ओतता ओतता थांबून विचारलं, "म्हणजे स्फोटबिट? घरी काही आणत नाही ना ती?" ते स्थळ त्याच बशीत बुडालं. पुढे ज्यांच्याशी लग्न झालं ते विम्याच्या कचेरीत होते. त्यांना धोका पत्करायची सवय होती.

या अंकाच्या संपादकबाईंनी 'विज्ञानाच्या सेवेतली माझी वर्षं' असं काहीतरी लिहून द्या म्हणून सांगितलं. सेवाबिवा मी काही केली नाही. स्टुलावर बसून डोळे फोडले आणि एक लबाडी केली. सेवेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी लबाडीचं लिहिते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आमची संस्था मोठी, टाउनात म्हणजे दक्षिण मुंबईत, हिरवळ आणि दगडी पाटीवाली. तिथं जागा पुरेना, तेव्हा आमच्या विभागाला दोन वर्षांपुरतं म्हणून साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर हलवलं. ही दोन वर्षं सात वर्षं चालली. खालच्या गाळ्यात स्टीलचे चमचे तयार व्हायचे. पत्र्यावर प्रेस आपटला की धाडकन चमचा पडायचा आणि वर आमच्या भिंगाखालचा अणू जागचा हलायचा. विभागप्रमुख बर्वे सरांनी कडाप्प्याच्या लाद्या आणल्या, लाद्यांखाली सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूबा घातल्या, वर सूक्ष्मदर्शक ठेवले. बरंच निभावलं. पण लग्नसराईत चमच्यांची मागणी वाढली की ट्यूबाही हात टेकायच्या. मग चमचेवाल्यांची जेवणाची सुट्टी हीच आमची कामाची वेळ, आणि त्यांचा प्रेस चालू झाला की आम्ही डबे उघडायचो. विश्वाच्या जन्माचं वेळापत्रक छगनभाई चमचेवाले ठरवायचे.

विश्वाचा जन्म कुठून आला मध्येच, तर तेही सांगते. परदेशात मोठाली यंत्रं असतात, ती अणूंचे गाभे जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवतात. त्यांच्या वाटेत फोटोच्या काचेसारख्या काचा ठेवायच्या, फक्त वरचा मसाला पुष्कळ जाड, चायना ग्रासच्या थरासारखा. गंधकाचा गाभा त्यातून जाताना मागे काळी रेघ सोडतो. वाटेत मसाल्यातल्या एखाद्या गाभ्यावर आपटला की त्या जागेतून रेघाच रेघा फुटतात. त्याला आम्ही स्टार म्हणायचो. काचा धुऊन आमच्याकडे यायच्या. आम्ही एकेक रेघ कडेला पकडायची आणि स्टार सापडेपर्यंत तिच्या मागे मागे जायचं. सापडला की त्याच्या जागेचे आकडे वहीत लिहायचे, रेघा किती, जाड किती, बारीक किती ते मोजायचं आणि पुढची रेघ धरायची. रोज सहा तास हेच.

हे कशासाठी, ते बर्वे सरांनी मला पहिल्या दिवशी मोदकांवरून समजावलं होतं. सर पुण्याचे, विद्वान आणि गोडखाऊ. ते म्हणाले, "समजा, मोदकांची दोन पातेली भरधाव एकमेकांवर आपटली. नुसती चाटून गेली तर दोन-चार मोदक सांडतील. पण समोरासमोर आदळली तर सगळ्यांची उकड फुटेल आणि सारण एकत्र होईल. अणूच्या गाभ्यातही असं सारण आहे. विश्व जन्मलं तेव्हा क्षणभर सगळीकडे सारणच होतं, उकड नंतर आली. आपल्याला ते सारण बघायचंय." मी तिथं सात वर्षं बघितलं. सारण कधी दिसलं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर उडालेले शिंतोडे तेवढे मोजले.

आम्ही पाच जणी होतो. शिक्षणाची अट फारशी नव्हती. मी बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षाला गटांगळी खाल्लेली. मुलाखतीत सरांनी एकच प्रश्न विचारला, "शिवण येतं का?" मी म्हटलं, काजं चांगली करते. लगेच नेमणूक. नेमणूक म्हणजे वर्षाचं पत्र, ते दर जूनमध्ये नव्यानं यायचं. आलं तर आलं. माझ्या वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती आणि भाऊ अजून शिकत होता, त्यामुळे जून आला की घाटकोपरला आमच्या खोलीत सगळे पोस्टमनकडे देवासारखे बघायचे.

पाच जणींत जुनी आणि मोठी शालूताई. भांडुपची, माहेर मालवणकडचं. नवरा 'गेला' असं ती म्हणायची, वारला की निघून गेला ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. घरात ती आणि म्हातारी सासू, आणि त्या दोघी एकमेकींना अजिबात सोडायला तयार नव्हत्या. मला काम तिनं शिकवलं. पहिल्या आठवड्यात मी हातचाक भराभर फिरवून रेघा उरकत होते, तेव्हा तिनं माझ्या मनगटावर चापटी मारली. "रेघेच्या मागसून चलाचा गो, धावाचा नाय. धावणाऱ्याक मोठे स्टार गावतत, बारके चुकतत." तिची नजर अशी की टाउनातून शास्त्रज्ञ यायचे, वाद घालायचे आणि शेवटी सर म्हणायचे, "शालिनीबाईंना विचारा." ती भिंगाला डोळा लावून म्हणायची, "तीन नाहीत, चार आहेत. चौथी खाली बुडालीय." आणि ती असायचीच. शास्त्रज्ञ हिरमुसले होऊन चहा प्यायचे.

सहाव्या वर्षी माझ्या लक्षात आलं की साकीनाक्याच्या स्टॉपवर शालूताई मला विचारते, "ही कुठची बस गो?" आधी वाटलं, चष्मा विसरली असेल. मग दिसलं की भिंगाचा बारीक स्क्रू ती पूर्वीपेक्षा फार वेळ मागेपुढे करतेय आणि वहीत ओळी कमी पडतायत. तिला साखर होती. त्या साखरेनं डोळ्याच्या पडद्यावर हात घातला होता. सर्वांत गोडखाऊ माणसाला साखर व्हायला हवी, म्हणजे सरांना, पण देवाच्या घरचे कारभार आमच्या संस्थेसारखेच असावेत.

नियम असा होता की प्रत्येक काच दोघींनी पाहायची. एकीची झाली की दुसरीची, आणि पहिलीनं काय पाहिलं ते दुसरीला सांगायचं नाही. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. आमचा समज असा की दुसरी म्हणजे पहिलीवर नेमलेली फौजदार. शालूताईची जोडी माझ्याशी होती. दोघींच्या वह्या सरांकडे गेल्या की तिच्या ओळी माझ्यापेक्षा कमी निघणार, आणि पुढच्या जूनमध्ये पोस्टमन भांडुपला जाणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मग एका सकाळी माझी झालेली काच तिच्या टेबलावर ठेवताना मी भिंगाला लावायच्या तेलाची बाटली उचलली आणि तिच्याखाली एक चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीवर माझ्या सगळ्या स्टारांच्या जागांचे आकडे होते.

ती चिठ्ठीकडे बराच वेळ बघत बसली. माझ्याकडे बघितलं नाही. मग तिनं काच लावली आणि पहिल्या आकड्यावर गेली.

पुढे वर्षभर हे चाललं. आम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मी स्वतःची समजूत घालायचे की यात खोटं काय आहे? स्टार तिथं असतोच. ती दिलेल्या जागी जाऊन बघते, खात्री करते, मगच लिहिते. नुसतं हुडकायचं काम मी करते. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देतात तसंच हे. मला तर पुण्यच वाटत होतं.

पुण्याचं फळही आलं. एके दिवशी सर पेढ्यांचा पुडा घेऊन आले. म्हणाले, आमच्या काचांवर दर शंभरात समोरासमोरच्या टकरी इतर देशांतल्या गटांपेक्षा बऱ्याच जास्त निघतायत. एवढ्या जास्त की काहीतरी नवं असलं पाहिजे. आणि त्यातही सुनंदा-शालिनीबाई ही जोडी म्हणजे कमाल, दोघींच्या वह्या जवळजवळ शब्दशः जुळतात, त्यामुळे निष्कर्षावर संशय घ्यायला जागाच नाही. एका परदेशी परिषदेत ते हे वाचणार होते, महिनाभरानं. मी दोन पेढे खाल्ले. शालूताईनं साखरेचं कारण सांगून घेतला नाही.

त्यानंतर दहा-पंधरा दिवसांत मुलुंडच्या एका कॉलेजातली मुलं आमचं काम बघायला आली. वीसेक पोरं, निम्मी खालच्या प्रेसवर लुब्ध. एका मुलीनं मात्र विचारलं, "सर, एकच काच दोघी कशाला बघतात? वेळ फुकट ना?" सर खूश झाले. त्यांनी फळ्यावर सूप काढलं.

"समजा, या सुपात तांदूळ आहेत. त्यात खडे किती, आपल्याला माहीत नाही. एका बाईनं निवडून चाळीस खडे टिपले. दुसरीनं तेच तांदूळ स्वतंत्रपणे पाहिले, तिला तीस दिसले. त्यांतले चोवीस पहिलीलाही दिसले होते. म्हणजे दुसरीला दिसलेल्या दर पाचांतले चार पहिलीनं टिपले. मग पहिलीनं एकूण खड्यांचाही तेवढाच हिस्सा टिपला असणार. तिचे चाळीस, म्हणजे एकूण?"

"पन्नास," मुलगी म्हणाली.

"शाबास. जे कुणालाच दिसले नाहीत तेही आपण मोजले. पण अट एकच. दोघींनी एकमेकींना सांगायचं नाही. सांगितलं तर दोघींचे चाळीसच येतील, आपल्याला वाटेल खडे चाळीसच आहेत, आणि उरलेले दहा भातात जातील. आणि जातात ते नेहमी बारीक खडे. मोठे कुणाच्याही नजरेतून सुटत नाहीत."

मी कोपऱ्यात डब्यातली चपाती हातात धरून उभी होते. फौजदारकी वगैरे काही नव्हती. आम्ही किती चुकतो ते आमच्या न बोलण्यातून कळणार होतं, आणि आम्ही बोललो होतो. माझ्या नजरेतून सुटलेले बारके स्टार, चाटून गेलेल्या टकरींचे, शालूताईच्या वहीतही नव्हते, म्हणून सरांच्या हिशेबात ते जगातच नव्हते. बारके गेले, मोठे राहिले, म्हणून शंभरात समोरासमोरच्या टकरी जास्त. सरांना जे नवं सापडलं होतं, ते मी तेलाच्या बाटलीखाली ठेवत होते.

त्या संध्याकाळी बसस्टॉपवर मी शालूताईला म्हटलं, "शालूताई, त्या चिठ्ठ्या."

"कसल्यो?"

"तुला माहितीये कसल्या. वाट लागलीय आपली." आणि मी तिला सुपाचं सगळं सांगितलं, कारण ती मागच्या टेबलावर काचा पुसत होती, तिला फळा दिसला नव्हता आणि प्रेसच्या धडधडीत ऐकूही आलं नव्हतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे सरांका गावला ता आपणच केलला?"

"हो."

"ब्रह्मदेवाक युगां लागली असतली. आपण चमच्याच्या कारखान्यार केला." आणि ती हसायला लागली. मीही हसले. स्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली तरी आम्हाला थांबता येईना. मग तिनं पदरानं डोळे पुसले. "सर थंय जावन सांगतले, नि लोक त्यांका हसतले."

"पण सांगितलं तर तुझं काय होईल?"

"ही कुठची बस गो?" ती म्हणाली. मी नंबर वाचून सांगितला. तिची होती, ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा शालूताई सरांच्या केबिनमध्ये उभी होती. केबिन म्हणजे प्लायवूडचा आडोसा, दार नाहीच. ती शुद्ध मराठीत बोलत होती, म्हणजे प्रकरण गंभीर.

"सर, माझी वही खोटी आहे. वर्ष झालं, मला नीट दिसत नाही. मी सुनंदाकडून चिठ्ठीवर आकडे मागून घ्यायची. ती नाही म्हणत होती. मी मोठी, मी शिकवलेलं, म्हणून तिला देणं भाग पडलं. तिला यातलं काही लावू नका."

सरांनी मला बघितलं. "सुनंदा, असं झालं का?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण जून तीन आठवड्यांवर होता. वडील डोळ्यांसमोर आले, भाऊ आला, पोस्टमनसुद्धा आला.

"हो सर," मी म्हटलं.

शालूताईनं माझ्याकडे बघून बारीकशी मान हलवली, बरोबर ओळखलेल्या रेघेला हलवायची तशी.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसत्या आमच्या दोघींच्या वह्या मिटल्या. म्हणाले, "इतकी वर्षं मी तुमच्याकडून आकडे मागतोय. आणि ते कशाला लागतात हे मुलुंडच्या पोरांना सांगितलं, तुम्हाला नाही." मग त्यांनी परिषदेला तार केली की निबंध मागे घेतो. आमच्या दोघींच्या सगळ्या काचा पुन्हा पाहायच्या ठरल्या, बाकीच्या तिघींनी.

शालूताईनं एकच मागणं केलं. एक काच तिला एकटीला पाहायची होती. मी पूर्वी पाहिलेली, पण या खेपेला चिठ्ठीशिवाय. "जाता जाता माझा आकडा माझ्या नावावर लागूदे," ती म्हणाली. सहा दिवस ती बसली. खालून प्रेस आपटला की थांबायची, थांबला की पुन्हा डोळा लावायची. मी समोरच्या टेबलावर होते आणि त्या सहा दिवसांत माझं एकही स्टार मोजणं धड झालं नाही.

त्या काचेवर मला एक्कावन्न स्टार दिसले होते. शालूताईला सत्तावीस. सरांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि एकेक ओळ जुळवली. बावीस जुळले. पाच तिच्या वहीत होते आणि माझ्या वहीत नव्हते. पाचही बारके, दोन-दोन, तीन-तीन रेघांचे. ज्या बाईला बसचा नंबर दिसत नव्हता तिनं ते टिपले होते, आणि मी तरुण डोळ्यांनी त्यांच्यावरून धावत गेले होते. माझी नजर किती पक्की ते तिच्या सत्तावीसमुळे पहिल्यांदा कळलं. ती शंभर टक्के नव्हती, ऐंशीच्या थोडी वर होती.

सगळ्या काचा पुन्हा पाहून झाल्या तेव्हा समोरासमोरच्या टकरी जगात इतरांच्या निघत होत्या तेवढ्याच निघाल्या. नवं काही नव्हतं. सरांनी छोटासा निबंध लिहिला, शेवटी आभारात आम्हा पाचही जणींची नावं घातली आणि शालूताईचं सगळ्यांत वर ठेवलं. तिला ग्रंथालयात तरी घ्या म्हणून ते टाउनात खेटे घालत राहिले. टाउनातून उत्तर आलं की अशी जागा मंजूर नाही.

जूनमध्ये पत्र मला आलं. तिला आलं नाही.

मी भांडुपला तिच्या घरी दोनदा गेले. दोन्ही वेळा ती माझ्याशी चांगली बोलली, आंबोळ्या खायला घातल्या, प्रेसवाल्यांचीसुद्धा चौकशी केली. ती चांगली बोलली म्हणूनच मी तिसऱ्यांदा गेले नाही. भांडली असती तर गेले असते. पुढे ती सासूला घेऊन गावी गेल्याचं कळलं, आणि काही वर्षांनी ती गेल्याचंही कळलं. या खेपेला गेली म्हणजे काय, ते विचारावं लागलं नाही.

मी पुढे कायम झाले, मग नव्या मुलींना शिकवणारी झाले. पहिल्याच दिवशी त्यांना तांदळाचं सूप सांगायचे, मोदक नंतर. मुली म्हणायच्या, बाई तुम्ही सगळं कारणासकट सांगता. निवृत्तीच्या समारंभात माझ्या प्रामाणिकपणाबद्दल दोघांनी भाषणं केली. मी शाल पांघरून ऐकली आणि चहा घेतला.

बर्वे सर आता नाहीत. ते होते तोवर त्यांना सांगायचं माझ्यानं झालं नाही, आणि त्यांच्या मनात शेवटपर्यंत तेच राहिलं असणार जे त्यांनी त्या सकाळी ऐकलं. तेव्हा निदान इथं छापून येऊदे. शालूताईनं चिठ्ठी कधीच मागितली नव्हती. पहिली चिठ्ठी मी आपणहून ठेवली, पुढच्याही मीच ठेवल्या, आणि सरांनी मला नाव घेऊन विचारलं तेव्हा ती शेजारी उभी असताना मी "हो" म्हटलं.